चित्रं कोणी काढली?
१९५५ साली सिंदेवाहीच्या वाचनालयात एका मासिकावरून वाद पेटला होता. त्यातली अस्वलाची चित्रकथा साऱ्या गावानं वाचली होती. खाली नाव एकट्या मुखरू मास्तरांचं होतं, कारण गोष्ट त्यांची. चित्रं त्यांच्या दोस्तानं, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या अयूबनं काढली होती. "गोष्टच मोठी," तिथंच मास्तरांशेजारी बसलेला रामाजी म्हणाला. देवाजी भडकला, "चित्र नसते तं वाचलं असतं कोणं? मास्तर, हे चित्र काढले कोणं?" मास्तरांनी दारात उभ्या अयूबकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "छापखान्यातला कोणी असन." अयूबनं अंक हिसकावून टेबलावर आपटला. "त्या अस्वलासाठी पंधरा दिवस जंगलात बसलो मी! अन् तुमच्यानं माझं नाव घेववलं नाई?" मास्तर पुटपुटले, "संपादक म्हणे, एकच नाव छापू." "अन् तुमी हो म्हटलं!" दुसऱ्या दिवशी मास्तर नवी गोष्ट घेऊन अयूबच्या घरी आले. अयूबनं ती उभ्याउभ्याच वाचली. गोष्ट वाघिणीची होती आणि झकास होती. वाघीण मागं वळून कशी पाहील, हे त्याला दिसायलाही लागलं. बोटं शिवशिवली. तरी त्यानं कागद परत केले. "पहिले माझं नाव छापून आणा. मंगच वाघीण काढीन." मास्तर कागद घेऊन निघून गेले. पुढच्या महिन्यात वाघिणीची गोष्ट छापून आली. खाली मास्तरांचं नाव होतं. चित्र एकही नव्हतं.