बाहेरून कडी

“ही मुलं ढ नाहीत, सर. तुम्ही त्यांना ढ ठरवलंय. आणि वर तशी पाटी ठोकलीये!”

प्राचार्य सभागृहाच्या दारातच थबकले. बोलणारी होती बीम मॅडम; नाव पोरांनीच पाडलेलं. इंजिनिअरिंग कॉलेजात ती इमारतींचं गणित शिकवायची. नोकरी नवी, तोंड फटकळ. काखेत हातभर लांब फोमचा तुकडा, त्यावर पेनाने मारलेल्या उभ्या रेघा. तो फोम घेऊन ती रोज संध्याकाळी मदत-तासाच्या खोलीत बसायची आणि फोमशीच गप्पा मारून घरी जायची. पोरं यायचीच नाहीत. येतील कशी? दारावर प्राचार्यांची पाटी होती, ‘मागे पडलेल्यांसाठी’. आणि दार बरोबर कँटीनसमोर. आत पाऊल टाकलं की सगळ्या कॉलेजात बोभाटा.

“मागे पडलेल्यांना दुसरं काय म्हणायचं?” प्राचार्य म्हणाले. “माझी व्याख्यानं बघा. सभागृह खच्चून भरतं. तुमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. उद्या त्या खोलीला कुलूप. पाहुण्यांच्या स्मृतिचिन्हांना जागा हवीये.”

“भरतं कसं तेही सांगा की! बाहेरून कडी घातली तर गोठासुद्धा भरलेला दिसतो, सर.”

प्राचार्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण खोटं काहीच नव्हतं त्यात. व्याख्यान सुरू झालं की शिपाईकाका बाहेरून कडी घालत. त्याआधी सगळ्यांचे मोबाइल दाराबाहेरच्या खोक्यात. प्राचार्यांनीही आज आदर्श म्हणून स्वतःचा मोबाइल खोक्यात टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या टवाळीच्या होत्या.

“मी हाक मारेपर्यंत कडी काढायची नाही,” त्यांनी काकांना बजावलं. काकांनी कडी घातली आणि खुशाल कँटीनमध्ये जाऊन बसले.

विषय होता ‘उद्याचं बांधकाम’. पडद्यावर काँक्रीटचा एक बीम, म्हणजे छत पेलणारी आडवी तुळई, आला. बीमच्या खालच्या अंगाला भेग. प्राचार्यांनी काठी उचलली, घसा साफ केला आणि वीज गेली.

पडदा काळा. माइक मुका. कोपऱ्यात एकच इमर्जन्सी दिवा मिणमिणत राहिला. प्राचार्यांनी काकांना हाक मारली. पुन्हा मारली. पण आवाज घुमू नये म्हणून त्यांनीच भिंतींना जाड गाद्या ठोकून घेतल्या होत्या. हाक गादीत रुतली.

“आता?” कुणीतरी म्हणालं.

“आता उद्याचं बांधकाम उद्या!” मागून उत्तर आलं. सभागृह खदखदलं.

लंबू उठून उभा राहिला. दोनदा नापास झालेला, पण मदत-तासाची पायरी कधी न चढलेला. अंधारात कोण बोलतंय ते दिसत नाही, याचंच बळ असावं. “सर, ती भेग खालीच का पडली? वर का नाही?”

“ते पुढच्या स्लाइडवर आहे,” प्राचार्य म्हणाले.

हशा झाला. पण या वेळी प्राचार्यांना तो लागला. पुढच्या बाकावरून बीम मॅडम उठली, फोम घेऊन दिव्याखाली गेली.

“ये रे लंबू. दोन्ही टोकांखाली हात धर. आता कुणीतरी मधोमध दाबा.”

एका मुलीने दाबलं. फोम मधे वाकला.

“रेघा बघा. वर काय झालं?”

“जवळ आल्या.”

“आणि खाली?”

“फाकल्या!” लंबू ओरडला. “म्हणजे खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही... म्हणून भेग खाली! म्हणून लोखंडी सळ्या खाली टाकतात!”

“आणि हे तू दोनदा नापास होऊन शिकलास,” मुलगी म्हणाली.

“तू तर पास होऊनही आत्ताच शिकलीस ना? मग गप!”

मग धीर चेपला. बाकं रिकामी झाली, दिव्याभोवती घोळका जमला. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेल्या शंका भडाभडा बाहेर पडल्या. मॅडम एकाचा प्रश्न दुसऱ्याकडे टोलवत होती. पोरं भांडत होती, एकमेकांना वेड्यात काढत होती, फोम हिसकावून घेत होती. घोळक्यात एक टकलूही घुसलं.

“मॅडम, आणि भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत?” टकलू म्हणालं. “तिथे सळ्या वर का टाकतात? मी पाठ केलंय. कळलं कधीच नाही.”

सगळ्यांनी वळून बघितलं. ते प्राचार्य होते.

लंबूने फोम त्यांच्या हातात दिला. “एकच टोक घट्ट धरा, सर. दुसरं सोडा.” सुटं टोक खाली लोंबलं. वरच्या रेघा फाकल्या.

“अरेच्चा!” प्राचार्य म्हणाले, आणि शाळकरी पोरासारखे हसले.

तेवढ्यात कडी वाजली. दार सताड उघडलं, बाहेरचा लख्ख उजेड आत आला. खोक्यातले मोबाइल एका सुरात केकाटत होते.

“वीज यायला वेळ आहे,” काका म्हणाले. “चला, सुटलात सगळे!”

कुणी हललं नाही. मागे वळूनही न बघता लंबू खेकसला, “काका, दार लावून घ्या हो! इथे काही ऐकू येत नाहीये!”

काका बावचळून प्राचार्यांकडे बघायला लागले. प्राचार्यांनी हातातल्या फोमकडे बघितलं, मग दाराकडे, मग पोरांकडे.

बीम मॅडमने हात पुढे केला. “उद्याचं ते कुलूप द्या इकडे, सर. आणि आता सगळ्यांसमोर सांगा, कशाला लावू? माझ्या खोलीला, की या सभागृहाला?”