तिसरा रकाना

प्रेस मशीनच्या नव्या कंट्रोलरसाठी रिअल-टाइम कर्नल, म्हणजे मशीनला क्षणात हुकूम पोचवणारं सॉफ्टवेअर, निवडायची ही अकरावी मीटिंग. सेन्सरला कामगाराचा हात दिसला की प्रेस त्याच क्षणी थांबली पाहिजे, एवढंच त्याचं काम. एक कर्नल आठ मायक्रोसेकंदांत हुकूम ऐकतो, दुसरा बारा. या चार मायक्रोसेकंदांपायी दोन इंजिनिअर सहा महिने एकमेकांच्या उरावर बसलेले.

शेवटी साहेब मिस्त्रींकडे वळले. "मशीनवर तुम्ही असता. तुम्हाला काय वाटतं?"

"दोन्ही चालतील, साहेब. फक्त सेन्सर तेवढा परत द्या."

"कुठला सेन्सर?"

"पहिल्या मीटिंगला दाखवायला म्हणून मशीनवरचा काढून आणला होतात ना? तो काय, तुमच्या कागदांवर ठेवलाय, पंख्याने उडू नयेत म्हणून."

साहेबांनी कागदांवरून सेन्सर उचलला.

"मग सहा महिने प्रेस थांबते कशी?"

"मी डोळ्यांत तेल घालून बटणापाशी उभा असतो. हात आत दिसला की दाबतो. शिंकसुद्धा आवरून धरतो, साहेब. अजून कुणाचं बोट गेलेलं नाही."

साहेबांनी दोन कर्नलांच्या तुलनेच्या तक्त्यात घाईघाईने तिसरा रकाना आखला.

"किती मायक्रोसेकंदांत दाबता?"