दोऱ्या पाण्यात असताना

लेकीची टोपी वाऱ्यानं उडून सरोवरात पडली. "अरे, बोट वळव ना," मी नवऱ्याला म्हणाले.

"आत्ता नाही. सॅमन माशांसाठी मागे गळाच्या चार दोऱ्या सोडल्यात. वळलो तर सगळा गुंता होईल. टोपीच आहे गं."

टोपी मागे मागे जात दिसेनाशी झाली. "आणि टोपीऐवजी ही पोर पडली असती तर?"

तो हसला, पण माझा चेहरा बघून थांबला. पेटीतली सुरी काढून त्यानं माझ्या हाताशी ठेवली. "तसं झालं तर तू दोऱ्या काप, मी बोट वळवतो. मला विचारत बसू नकोस."

थोड्या वेळानं गळाची काठी वाकली. "लागला, लागला," तो ओरडला. लेक टाळ्या पिटू लागली. माझा एक हात तिच्या जॅकेटवर होता, दुसरा सुरीवर.