पिवळी कोपी

“बारसं झाल्याबिगर लेकराला भाईर काढायचं न्हाई. वारं लागतं, नजर लागती.” कधीच्या वारलेल्या सासूचा आवाज भिवराबाईच्या कानात तसाच होता. आणि समोर आरोग्य खात्याची आशाताई योगिता हात पुढं करून बसली होती. “काकू, द्या. नुसती दाराबाहेर नेते.”

परळीजवळच्या कारखान्यावर ऊसतोडीची टोळी उतरली होती. ओळीनं कोप्या, प्रत्येक झोपडीवर मुकादमानं दिलेली एकसारखी पिवळी ताडपत्री. सून रोहिणी दवाखान्यातून बाळंत होऊन कालच इथं आली होती.

“भाईर कावून?” वाती वळता वळता भिवराबाईनं विचारलं. “लई गुणाची हाय माझी नात. रडत न्हाई, नुसती झोपती.”

“प्यायला तरी उठते का?”

रोहिणी सासूकडं बघत हळूच म्हणाली, “उठवावं लागतं.”

“पिवळी नाही वाटत तुम्हाला?”

“पिवळी? डोळे दाखीव बाई कुणाला तरी! ही वात बघ. पांढरी दिसती ना? मंग लेकरूबी हाय तसंच दिसतंय की.”

योगिता हसली. “तेच तर, काकू! मी आत शिरले तेव्हा ताडपत्रीच्या उजेडात ही वात पिवळी होती. तुम्ही पिवळ्या, तुमचं पातेलं पिवळं. घडीभर बसले, अन् नजरेनं सगळं धुऊन पुसून ठेवलं. आता मलाही वात पांढरी दिसतेय अन् बाळ चांगलं. म्हणून तर ह्या नजरेचा भरवसा नाही.”

भिवराबाईचा हात थांबला. सासूचा शब्द तिनं उपासासारखा पाळला होता. पण सासूच्या बाळंतिणीच्या खोलीत झरोक्यातून खरं ऊन यायचं. ताडपत्री त्या माऊलीनं कुठं पाहिली होती?

“आत्याबाई, पदरात घ्या,” ती वारलेल्या सासूला आठवून पुटपुटली. नातीला स्वतःच उचललं आणि बाहेर आली.

दुपटं पांढरं होतं. त्यात नात हळद लावल्यासारखी. डोळ्यांची बुबुळं सोडून उरलेली जागाही पिवळी.

“अंगद!” तिनं लेकाला हाक मारली. “गाडी बघ आधी!”

कावीळ वेळेत सापडली. दवाखान्यात बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवलं. रोहिणीनं फोन केला, “आत्याबाई, हितं तर निळी दिसती तुमची नात!” “असू दे, किस्नाचा रंग हाय,” भिवराबाई म्हणाली आणि फोन ठेवून देवापुढं डोकं टेकवलं.

देवाच्या दयेनं पोर बरी होऊन आली, ती सगळी कोपी डोक्यावर घेतच. “आई, गुणाची होती तीच बरी होती,” अंगद कानावर हात ठेवून म्हणाला. भिवराबाईनं शेजारीपाजारी साखर वाटली.

बाळाला बघायला आलेली योगिता जायला निघाली. “काकू, पल्याडच्या ओळीतली गीताबाई आज बाळंत होऊन आलीय. माझं रोज येणं होत नाही. तुम्ही बघाल?”

“बघते.”

“रोज बघावं लागेल.”

“अगं, रोजच्या नेमाचं मला नको सांगू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून भिवराबाई उठली. कुणाला न सांगता पल्याडच्या ओळीत गेली. वाकून गीताबाईच्या कोपीत शिरली, तसं सगळं पिवळं दिसलं. नजर सरावायच्या आत तिनं बाळासाठी हात पुढं केले.