एस्तेरबाईंसाठी उपासना

"पाळकसाहेब, चर्चमध्ये एकही माणूस आला नाही, तर तुम्ही उपदेश कुणाला करता हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून साहेबांच्या निरोपसमारंभात मी हे सगळ्यांसमोर विचारलं. मागे त्यांच्यातली शेरॉन तोंडात रुमाल कोंबून हसत होती. आमच्या चर्चची मंडळी अवघी तेरा घरांची, पण साहेबांनी ती सव्वीस वर्षं सांभाळली. बदलीचा हुकूम तीनदा आला आणि तीनदा आमच्या बायकांनी बिशपसाहेबांना गाठून तो रद्द करवला. निवृत्तीपुढे मात्र कुणाचं चालणार? माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला, आजोबांना मातीही त्यांनीच दिली.

चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले, "एकदा नुसत्या एस्तेरबाई आल्या होत्या गं. म्हटलं, छोटी प्रार्थना करू नि घरी जाऊ. तर म्हणाल्या, 'गुडघे चोळत दोन मैल आले साहेब, ते एवढ्याशासाठी?' मग काय! उपासनेची चारही गीतं दोघांनी म्हटली, उपदेशही पुरा केला."

सगळे हसले. मला हसू येईना. नवे पाळक तालुक्याहून महिन्यातून एकदाच येणार होते आणि बाकीच्या रविवारी चर्चला कुलूप, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं. एस्तेरबाई तर अजून येतात, आता वॉकर घेऊन.

घरी पोचताच चपलाही न काढता मी सांगून टाकलं, "आई, पप्पा, येत्या रविवारी कुलूप लागणार नाही. उपासना मी घेणार, उपदेशासकट! पप्पा, पेटी तुम्ही वाजवायची."