फक्त वहिनींसाठी

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला हिशेब विभागातल्या वहिनींनी हळूच विनवलं, "भाऊजी, ह्यांच्या मेल मला दिसू देऊ नका. घास उतरत नाही हो."

वहिनींचा नवरा याच ऑफिसात होता. तो वारल्यावर त्याचं खातं तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. तरी रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पत्त्यावरून एकच ओळ यायची: 'जेवलीस का?' ती कुठून येते, ते शोधून शोधून तंत्रज्ञ थकला होता.

शेवटी त्याने त्या पत्त्याला स्पॅममध्ये टाकणारा नियम लावला. फक्त वहिनींच्या खात्यापुरता.

"आमच्या साहेबांच्या मेलही अशाच अडवा की," शेजारचा कारकून म्हणाला. कितीतरी दिवसांनी वहिनी हसल्या.

सुट्टी झाली. वहिनींच्या इनबॉक्समध्ये काही आलं नाही. त्यांनी डबा उघडून पहिला घास उचलला.

तेवढ्यात कारकुनाचा संगणक किणकिणला. मग पलीकडचा. मग खोलीतले सगळेच. एकेक मान वहिनींकडे वळू लागली.

तंत्रज्ञाने आपल्या पडद्याकडे पाहिलं. त्याच पत्त्यावरून ओळ आली होती: 'ती जेवली का?'