पालथी पायरी

मॉयराने पहार पायरीखाली घातली तोच सान्ते दारातून ओरडला, "काढ ती! माझ्या पायरीला हात लावायचा नाही."

"काका, परवा तुम्ही हो म्हणालात."

"मी 'बघू' म्हणालो."

"त्याचं बघू म्हणजे नाही. अख्ख्या टेकडीला माहीत आहे, हिलाच कळत नाही," समोरचा आर्मां कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. तो खाणीत दगड उचलायची यारी चालवायचा. खाण बंद पडल्यापासून दुसऱ्यांच्या कामावर देखरेख हाच त्याचा उद्योग होता.

रविवारी मॉयरा बाहेरच्या माणसांना खाण दाखवणार होती. पाण्याने भरलेली खाण, गंजलेली यारी, दगड घडवायचा बंद कारखाना, आणि शेवटी टेकडीवरच्या घरांच्या पायऱ्या. कारखान्यात कबरीवरचे दगड घडत. एखाद्याचा कोपरा उडाला, तडा गेला, की कारागीर तो घरी आणायचा आणि कोरीव बाजू खाली करून दाराशी बसवायचा. मॉयराने त्या सगळ्या पायऱ्या उलटवून घेतल्या होत्या. सान्तेची तेवढी राहिली होती.

"माझ्या पायरीखाली देवदूत निघाला. नाक उडालेला, अगदी माझ्या सासूसारखा," आर्मां म्हणाला. "मी लाजलो का? तुझा जन्मात एकच दगड बिघडला. तोही साठ वर्षांपूर्वी. आता कुणापासून लपवतोस?"

सान्ते आत जायला वळला.

"आणि एर्सिलियाला जाऊन वर्ष होत आलं. कबरीवर तिच्या डोक्याशी अजून लाकडी पट्टी. जगाच्या बायकांची नावं कोरलीस, आणि स्वतःच्या बायकोला..."

"आर्मां, पुरे," मॉयरा म्हणाली.

सान्तेने दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "यांनी नाव कोरू? आणि यंत्राने कोरलेला दगड मला तिच्यासाठी नको. कारखान्यातली माणसं असती तर मला तोंडही उघडावं लागलं नसतं."

ते खरं होतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की बाकीचे काम सुटल्यावर मागे थांबायचे. एक जण अक्षरं कोरायचा, एक फुलं, एक जण दगड घासायचा. तयार दगड त्या घराच्या दाराशी टेकवून ठेवायचे. कुणी मोबदला मागत नसे. कुणी त्याबद्दल बोलतही नसे.

मॉयराने पहार खाली ठेवली. "माझे आजोबा अक्षरं कोरायचे म्हणे."

"ड्यूथी? त्याच्या तोडीची अक्षरं या गावात पुन्हा झाली नाहीत."

"मी त्यातलं एकही बघितलेलं नाही, काका. मी जन्मायच्या आत दगडाच्या धुळीने त्यांची छाती संपवली. दगडावर मेलेल्याचं नाव असतं, कोरणाऱ्याचं नसतं. सगळं कबरस्तान फिरले मी. हे तुझ्या आजोबांचं, असं बोट ठेवून सांगणारं कुणी भेटलं नाही."

सान्ते दाराची चौकट धरून सावकाश खाली उतरला.

"आर्मां, नुसता उभा राहू नकोस. दुसरी पहार आण."

दगड जड होता. दोघांनी जोर लावला, सान्तेने कुठे टेकू द्यायचा ते सांगितलं. दगड उलटला. मॉयराने बादलीभर पाणी ओतून माती धुतली. आधी गुलाबाची डहाळी दिसली. पाकळी न् पाकळी शाबूत होती. मग अक्षरं दिसली.

एर्सिलिया. सान्तेची पत्नी. १९१२ – १९३८.

आर्मांने टोपी काढली. "यात बिघडलंय काय?" त्याने विचारलं.

"साल," सान्ते म्हणाला.

तो उंबऱ्यावर बसला. "तिला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी अखेरच्या प्रार्थनेसाठी पाद्रीबाबांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. पाद्रीबाबांची मोटार कारखान्यासमोर बर्फात रुतली. आपल्याच पोरांनी ढकलून काढली आणि कुठे निघालात ते विचारलं. झालं. ती गेलीच असं धरून त्या दिवशी कुणी घरी गेलं नाही. ताप उतरल्यावर मी दवाखान्यातून आलो, तर हा दगड दाराला टेकलेला. बाजूला पाच जण टोप्या काढून उभे. मी म्हटलं, अरे, ती सूप मागतेय. ड्यूथी तिथेच बर्फात बसला. हसत होता की रडत होता, कळेना."

"मग फोडला का नाही?" आर्मांने विचारलं.

"तिच्या नावावर हातोडा कोण घालणार? ती घरी यायच्या आत पालथा बसवला. तिला कधी कळू द्यायचं नाही, असं ठरलं. तिने विचारलं, कुणी बिघडवला? मी म्हटलं, मी. जन्मभर चिडवलं तिने मला."

मॉयरा गुडघ्यांवर बसली होती. तिचं बोट पहिल्या अक्षराच्या खाचेतून हळूहळू फिरत होतं.

"ही त्यांची?"

"त्याचीच. सगळी."

तिने डोळे पुसले. आर्मां म्हणाला, त्याच्या भाच्याचा ट्रक आहे, उद्या सकाळीच दगड कबरस्तानात नेता येईल. सान्तेने मान डोलावली.

"खरं साल कोण कोरणार?" आर्मांने विचारलं.

"मी. चार आकडे होतील माझ्याच्याने. वेळ लागेल, एवढंच."

"आणि हे जुनं?" मॉयराने विचारलं. "हे आधी घासून काढायला हवं ना, काका?"

"नको, ते राहू दे," सान्ते म्हणाला. "माझ्या दोन्ही मुली त्या सालानंतरच्या आहेत."